झिजलेल्या टायराचा कौल

माझे बाबा, बाबली मेस्त्री, बांद्याच्या तिठ्यावर टायर दुरुस्त करायचे. आधी बैलगाडीची चाकं करायचे; मोटारी वाढल्या तसे रबराकडे वळले. टायर पारखायचे अंगठ्याने. खाचेत नख रुतलं की म्हणायचे, "चलतलो!" पण मनाने भित्रे. काही करायचं तर आधी देवळात कौल. देवीच्या अंगावर लावलेली कळी उजवीकडून पडली तर होय, डावीकडून पडली तर नाही.

चौसष्टच्या दसऱ्याला मोटारसायकलींची शर्यत ठरली, बांदा ते सावंतवाडी आणि परत. माझा नवरा धोंडू (आता नाव घ्यायला कसली लाज!) त्यात उतरला. मी पाच महिन्यांची पोटुशी. जीव नुसता टांगणीला लागलेला. त्यात गाडीच्या पुढच्या चाकाला झिजलेला टायर, आणि नवा घरात पडून.

"बाबा, नवो घाला," मी म्हटलं.

"गप गो! सुक्या रस्त्यार नवो जड पडता, झिजललोच धावता. घसरतलो तो पावसात. कौल लावून इलंय मी. बांद्यात आज पाऊस नाय मा, म्हणान इचारलंय. कळी उजवी पडली."

गाड्या सुटल्या. थोड्याच वेळात इन्सुलीच्या घाटावर आभाळ काळंठिक्कर झालं. बांद्यात मात्र लख्ख ऊन! बाबांनी कपाळावर हात मारला. "मेलंय! घाटाचा इचारूकच नाय!" शेजाऱ्याची सायकल ओढली आणि अनवाणीच सुटले.

मी तिठ्यावर उभी. एक गाडी आली, दुसरी आली. तिसरा आला तो गुडघे फोडून घेऊन.

"आमचे खंय?" मी ओरडले.

"घाटात केदो मोठो पाऊस! वळणार आमी दोघे आपटलंव. पावसात तुझो माका दिसाक नाय."

त्या देवीलाही नको नको ते बोलले मी.

बऱ्याच वेळाने दोघे दिसले, गाडी ढकलत येताना. धोंडू धडधाकट, पण रागाने लालबुंद. "मी पयलो होतंय! तुझ्या बापाशीन रस्त्याच्या मधी हात पसरून माका अडवल्यान!"

बाबांनी माझा हात धरून टायरावर ठेवला. खडीने पार खाल्लेला. नख रुतायला रबरच नव्हतं, आतले दोरे बोटांना लागले.

"कौल खरो," बाबा म्हणाले, "इचारणारो गाढव." आणि रडायलाच लागले.

धोंडू दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही. लोक हळहळायचे. मी म्हणायचे, "नाय बोलना तर रवांदे! अबोलो धरूक घरात आसा मा!"