किरकोळमधला ळ

हॉलच्या भिंतीवर पडदा सोडला होता आणि पडद्यावर आमच्या प्रकल्पाचं पान उघडं होतं. मुख्यालयातून आलेले एक साहेब नवी सिस्टीम समजावून सांगत होते. बॅनरवर तिचं नाव लांबलचक होतं, एकात्मिक वगैरे. प्रकल्प, माणसं, जनावरं, अनुदानाचा खर्च, अहवाल, सगळं एकाच ठिकाणी. मी माऊस धरून बसले होते. साहेब सांगतील ते पान उघडायचं, एवढंच माझं काम.

दारात माझे वडील उभे होते. अण्णा. चपला बाहेर काढून, काठी भिंतीला टेकवून. दुपारी पाहुण्यांना डोंगर दाखवायचा म्हणून आमच्या केंद्रातल्या सरांनीच त्यांना बोलावलं होतं. मागच्या रांगेत खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा, असं कोणी म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

साहेबांनी विचारलं, "हे कोण? टीमच्या यादीत दिसत नाहीत."

सरांनी पडद्याकडं बघितलं. खर्चाचं पान होतं. माझा बाण शेवटच्या ओळीवर थांबला होता.

"हे होय? हे आपले किरकोळ."

हॉल हसला. साहेब हसले. अण्णाही हसले. मान हलवत, उरलेले दात दाखवत, जणू कोणी कौतुक केलं.

त्या दिवसापासून केंद्रात त्यांना किरकोळमामा हे नाव पडलं. "किरकोळमामा, आज शेरडं कुणीकडं?" "किरकोळमामा, चहा घ्या की." शिपाई म्हणायचा, ड्रायव्हर म्हणायचा, पीएचडीची मुलं म्हणायची. प्रेमानंच म्हणायचे. ते जास्त लागायचं.

पडद्यावरची ती ओळ मी टाईप केली होती.

आमचं घर तामलवाडीच्या शिवारात. अण्णांनी जन्मभर शेरडं राखली. मी विज्ञानाची पदवी घेतली, घरात पहिलीच, आणि जिल्ह्यातल्या एका संशोधन केंद्रात कंत्राटावर लागले. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवस खंड, पुन्हा अकरा महिने. केंद्राचं नाव सांगत नाही. सर म्हणजे तिथले मुख्य संशोधक. मुलाखतीत त्यांनी विचारलं, वडील काय करतात. मी सांगितलं. नोकरी मिळावी म्हणून जरा जास्तच सांगितलं. हगवण लागलेली शेळी कळप सोडून मुरडशेंगेच्या झुडपाकडं कशी जाते, हे अण्णांनी मला लहानपणी दाखवलं होतं. तेही सांगून टाकलं.

सर पुढं झुकले. "स्वतःहून जाते?"

त्यांनी ते लिहून घेतलं. तो आमचा प्रकल्प झाला. आजारी शेळी कोणती वनस्पती शोधून खाते.

पुढची तीन वर्षं येडशीकडच्या डोंगरात अण्णा पुढं आणि आम्ही मागं. अण्णा मध्येच थांबायचे, काठीनं एखादं झुडूप दाखवायचे. "शेरडाला त्येच्या पोटाचं कळतंय. आपुन निस्तं मागं चालायचं." सर झाडाच्या सावलीत पाणी प्यायचे. मी वहीत लिहायचे. तारीख, झाडाचं नाव, शेळीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर. आणि प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला दोन शब्द. अण्णा सांगतात. एकेचाळीस वनस्पती झाल्या. वह्या सात.

हे चालू असतानाच सिस्टीम आली. सरांना कॉम्प्युटरचा कंटाळा. एका बोटानं टाईप करायचे. एकदा स्वतःच्याच पत्रात अडकून बसले. "अगं, हा ळ कुठं ठेवलाय यांनी?" मी दाखवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मग त्यांनी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, खाली सही करून, माझ्या टेबलावर ठेवला. सही कशासाठी केली कोण जाणे. सवय असावी. "तूच भरत जा सगळं. माझ्या नावानं."

अण्णांचं नाव टाकायला सिस्टीममध्ये रीतसर जागा होती. स्थानिक जाणकार. नाव, गाव, दिलेली माहिती. मी ते पान उघडलं तेव्हा सर मागं उभे होते.

"तिथं नको. तिथं नाव टाकलं की ते आपोआप अहवालात जातं. मग उद्या हक्क सांगत येतील. किरकोळमध्ये टाक. वाटाड्या म्हण. नाव नको."

सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, हे त्या सिस्टीमबद्दल सरांना पक्कं कळलं होतं. बाकी काही कळलं नसलं तरी.

माझी ऑर्डर संपायला वीस दिवस होते. मी टाईप केलं. किरकोळ. वाटाड्या. पुढं प्रत्येक खेपेच्या पावतीवर अण्णांचा अंगठा लागायचा. सर शाईचा डबा दोन बोटांनी पुढं सरकवायचे.

हॉलमधल्या त्या दिवशी आम्ही एसटीनं घरी निघालो. अण्णा खिडकीशी बसले होते. तिकिटं काढून झाल्यावर म्हणाले, "किरकोळ म्हणले व्हय मला."

मी तिकिटांची घडी घातली.

"म्या हसलो बाय. न्हाय हसलो असतो तर तुला खाली बघावं लागलं असतं. तुझी नवकरी हाय तिथं."

मी खालीच बघत होते.

"माझं नाव हाय का पर कुठं त्येच्यात? त्या कंपुटरात?"

"हाय," मी म्हणाले.

"मंग बास." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली आणि तुळजापूर येईपर्यंत डोळे मिटून बसले. चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मला अजून दिसतं. ते खोट्यावर उभं होतं आणि ते खोटं माझं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी शेरडं सोडताना अण्णा गोठ्याच्या दारात बसले. छातीला हात लावला. मी पाणी आणेपर्यंत सगळं संपलं होतं. शेरडं दावणीला ओरडत राहिली.

तेराव्यानंतर मी कामावर गेले. समोर पहिलंच काम होतं मृत्यूची नोंद. केंद्रातली सतरा नंबरची शेळी त्याच आठवड्यात मेली होती. सिस्टीम थांबून राहिली होती. जनावर मेलं की तिला सगळं सांगावं लागतं. वय किती, वेळ कोणती, शेवटचं काय खाल्लं, शेवटी जवळ कोण होतं, कारण काय. मुख्य संशोधकानं मान्यता दिल्याशिवाय ती पुढं सरकत नाही. मी तो फॉर्म भरला. शेवटी जवळ कोण होतं, या रकान्यापाशी माझा हात बराच वेळ थांबला.

सर आले. चष्मा पुसत म्हणाले, "वाईट झालं." मग चष्मा घातला. "त्या किरकोळच्या ओळीला रिप्लेसमेंट लागेल. गावात अजून कोणी आहे का, बघ. डोंगर माहीत असलेला."

सतरा नंबरच्या शेळीचं काय झालं, हे कोणीही त्या सिस्टीमला विचारू शकतं. अण्णा कधी होते, हेच सिस्टीमला ठाऊक नाही.

प्रकल्प संपत आला. अंतिम अहवाल पाठवायचा दिवस. शेवटच्या पानावर एक प्रश्न होता. या संशोधनात प्रकल्पाबाहेरील व्यक्तीच्या पारंपरिक ज्ञानाचा वापर झाला आहे का? खाली दोन गोल. होय. नाही.

"नाही कर आणि पाठव," सर म्हणाले.

"मी नाही करणार, सर."

"म्हणजे?"

"फॉर्म तुमच्या नावाचा आहे. तुम्ही करा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीन वर्षांत प्रथमच नीट. "तुझी ऑर्डर सोमवारी माझ्याकडं सहीला येतेय. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे."

मी खुर्चीतून उठले. सर बसले. मी दाराशी जाऊन उभी राहिले, जिथं अण्णा उभे होते तिथं. सरांनी कुठलंतरी बटण दाबलं आणि पान गेलं. पुन्हा आणलं, पुन्हा गेलं. "अगं, कुठं गेलं ते?" मी चौकटीला टेकले. "तो प्रश्न कुठल्या पानावर होता?" ड्रायव्हर आणि शिपाई आत डोकावले आणि तिथंच थांबले. सरांची मान लाल झाली होती. मला ते बघायला आवडलं. खोटं कशाला लिहू? फार आवडलं.

शेवटी त्यांना तो गोल सापडला. त्यांनी 'नाही' केलं. सिस्टीमनं नाव आणि वेळ नोंदवली. त्यांच्या नावावरचं एक काम अखेर त्यांनी स्वतःच्या हातानं केलं होतं.

उठताना म्हणाले, "बाप किरकोळ, आणि पोरगी..."

"पुरं करा की सर," मी म्हणाले.

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सोमवारी ऑर्डरवर सहीही केली नाही.

जाताना मी मुख्यालयाला एक पत्र पाठवलं. सिस्टीम आल्यापासून सरांच्या पासवर्डनं, त्यांच्या सांगण्यावरून, मी काम केलं. सोबत ती चिठ्ठी जोडली, सहीसकट. पुढं काय झालं ते ड्रायव्हरनं फोनवर सांगितलं. "ताई, पासवर्ड बंद झाला बघा. सर आता मशिनीवर अंगठा लावत्यात. दर येळंला. आन् त्यांच्या जागी दुसरं कुणी बसायचं न्हाय, असं लेखी आलंय."

मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसले. अण्णा गेल्यानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

आता तो अहवाल कोणाच्याही हरकतींसाठी खुला आहे. प्रत्येक नोंदीवर वेगळी हरकत घेता येते आणि तिला मुख्य संशोधकालाच उत्तर द्यावं लागतं. ज्याच्या माहितीबद्दल हरकत आहे, त्याचं हरकतीत दिलेलं पूर्ण नाव टाईप केल्याशिवाय उत्तराची चौकट उघडत नाही. एक अक्षर चुकलं तरी उघडत नाही. सरांच्या आधीच्या एका प्रकल्पात अशी उत्तरं सरांच्या नावानं मीच भरली होती. सगळ्या हरकती मिटल्याशिवाय प्रकल्प बंद होत नाही, आणि हा बंद झाल्याशिवाय सरांचा पुढचा उघडत नाही.

एकेचाळीस हरकती मी एका दिवसात घेऊ शकते. घेणार नाही. एका दिवसात आल्या तर कोणीतरी वरून एकदम मिटवून टाकेल. दर सोमवारी एक. पहिली मुरडशेंगेची, ती गेली आहे. पहिली वही, पान चार, फोटो जोडला आहे. अण्णा सांगतात. पुढच्या सोमवारी बाभूळ.

प्रत्येक हरकतीचं पहिलं वाक्य मी ठरवून ठेवलं आहे. सदर व्यक्तीची नोंद 'किरकोळ' अशी मी, त्यांच्या मुलीनं, केली. माझा वाटा मी लपवणार नाही. दर सोमवारी तो आधी येईल.

चुलते म्हणतात, "माणूस गेला की बाय. आता खुन्नस धरून काय मिळणार?" मी त्यांना समजावत बसत नाही. खुन्नस आहे. ती मी वह्यांसारखी कोरडी ठेवली आहे, वाळवी लागू देणार नाही.

अण्णांचं पूर्ण नाव मी इथं लिहिलेलं नाही. माझ्या हातानं ते सात वह्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहून झालं आहे. आता ते सरांनी लिहायचं. आधी अंगठा लावायचा, मग एका बोटानं, एकेक अक्षर, एकेचाळीस वेळा. त्या नावात एक ळ आहे. किरकोळमधला मी टाईप केला होता. हा त्यांनी शोधायचा.