लाल पाटीवरचं जर्मन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोशी भांडताना माणूस नको नको ते बोलून जातो, पण तेव्हाही हे तोंडातून निसटलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही सावंताला ओळखत नव्हता म्हणून.

सावंत आमच्या कारखान्यात प्रेस चालवायचा. कारखाना कसला, साकीनाक्याच्या एका गल्लीतली शेड. पत्र्याच्या पट्ट्या दाबून आम्ही बिजागऱ्या आणि कड्या बनवायचो. ऐंशीनंतरची वर्षं ती. सावंत मूळचा मालवणकडचा, गिरणी बंद पडल्यावर आमच्याकडे आलेला. वयाने माझ्याहून बराच मोठा, पण आमचं अरेतुरेच चालायचं. मी तिथे मशिनींची देखभाल बघायचो. डिप्लोमा होता माझ्याकडे. आणि तोंड होतं — मोठं.

कॉलेज संपल्यावर मी जर्मन भाषेच्या क्लासात नाव घातलं होतं. परदेशी जायचं खूळ, दुसरं काय? थोडे दिवस गेलो आणि कंटाळलो. पदरात पडलं ते 'गुटन मॉर्गन' आणि दहापर्यंतचे आकडे. पण चहाच्या वेळी ते आकडे मी अशा थाटात म्हणायचो की शेडमध्ये माझं नावच 'जर्मन' पडलं. सावंत चिडवायचा, "आमच्या घरात पण जर्मनचो टोप आसा, त्यात भात शिजता!" जर्मनचा टोप म्हणजे अल्युमिनियमचा, काळा पडणारा, हलका. सगळे हसायचे, मीही हसायचो. आतून मात्र सुखावलेला असायचो — नाव तर पडलं ना!

मग शेठने कुठूनतरी एक जुनी प्रेस उचलून आणली. बोटीतून उतरलेली, खरीखुरी जर्मन, हवेच्या दाबावर चालणारी. इथली सरकारी तपासणी झालेली नाही, सुरक्षिततेचा कुठला दाखला नाही. शेठ म्हणायचा, जर्मन माल आहे, त्याला कसलं सर्टिफिकेट पायजे? कारखान्यांचा इन्स्पेक्टर येणार असं कळलं की तिच्यावर ताडपत्री पडायची, आणि "अजून बसवायची आहे, साहेब" हे वाक्य. ताडपत्रीची दोरी मीच बांधायचो. तो गुन्हा नव्हता? होता. पण तो आम्हा सगळ्यांत वाटलेला होता. माझा एकट्याचा वेगळा आहे.

त्या मशीनवर एक लाल पाटी होती. पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी, शेवटी उद्गारचिन्ह. पहिल्याच दिवशी सगळे तिच्यापुढे जमले आणि सावंत म्हणाला, "जर्मना, वाच बघू, काय म्हणता ती?"

काय झालं असतं, 'येत नाही' म्हणालो असतो तर? हसले असते. चार दिवस टोप टोप केलं असतं. एवढंच ना? पण सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते, शेठचेही, आणि मला — काय सांगू — मला ते आवडत होतं. मी पाटीवरून बोट फिरवलं, ओठ हलवले, आणि म्हणालो, "चालू करायच्या आधी तेल घाला, असं लिहिलंय."

कुणी शंका घेतली नाही. का घेतील? सावंत रोज सकाळी न चुकता आधी तेल घालायचा. खंडेनवमीला बाकीच्या मशिनींना त्याने जमेल तिथे हळदकुंकू लावलं, पण हिच्या मात्र नेमकं त्या लाल पाटीलाच लावलं. तेव्हा सांगता आलं असतं. मी प्रसादाचे पेढे वाटत राहिलो.

आमच्या देशी प्रेसना मोठं उघडं चाक असायचं. बटण बंद करायचं, चाकाकडे बघायचं, चाक थांबलं की मशीन मेलं — मग हात आत. ही आमची रीत, आणि तिने कधी कुणाला दगा दिला नव्हता. या जर्मन प्रेसला चाकच नव्हतं. बटण बंद केलं की ती गप्प. गप्प म्हणजे मेली, असंच आम्ही समजत होतो.

एका दुपारी पट्टी वाकडी होऊन अडकली आणि वरचा ठोकळा तिच्यावर अर्ध्यात थांबला. सावंताने पट्टी ओढून काढली, आणि ठोकळा खाली आला. उजव्या हाताची चार बोटं गेली. रिक्षात त्याचा हात माझ्या मांडीवर होता, फडक्यात गुंडाळलेला, आणि तो एकच घोकत होता, "मियां बटण बंद केल्लां रे... बंद केल्लां..."

कुणाला पटणार? बटण बंदच सापडलं, पण ते नंतर गडबडीत कुणीतरी बंद केलं असेल, असं सगळ्यांनी धरलं. बंद मशीन हात कसा तोडेल? शेठ म्हणाला, सावंताची चूक. मी मान हलवली.

पण पाटी मला झोपू देईना. शेवटी शब्द पाठ केले, एका वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश उघडला आणि एकेक शब्द लावत बसलो. बटण बंद केल्यावरही आत हवेचा दाब राहतो. हवा सोडल्याशिवाय हात घालू नका. हवा सोडायची तोटी पाटीच्या खालीच होती. लहानशी, पितळेची. तिला आम्ही रोज तेल घालत होतो.

सावंत खरं बोलत होता, हे आता जगात एकट्या मला माहीत होतं. ते सांगायचं तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. मी उद्या सांगू म्हणत राहिलो, आणि शेठने ते मशीन भंगारात काढलं. पाटीही गेली. मला हायसं वाटलं — हो, हायसंच वाटलं.

सावंत पुढे मालाडला एका सोसायटीत वॉचमन झाला. डाव्या हाताने सलाम करायचा. मी अधूनमधून जायचो त्याच्याकडे. त्याला वाटायचं, किती जीव लावतो हा! माझ्याविषयी सगळ्यांना सांगायचा, यानेच मला हॉस्पिटलात नेलं. मी ऐकून घ्यायचो. घरचेसुद्धा त्याला म्हणायचे, तुमचाच धांदरटपणा नडला. एकदा गेटजवळ बसलेलो असताना तो अचानक म्हणाला, "इतकी वर्सां सगळ्यांका सांगत रवलंय, बटण बंद केल्लां म्हणान. आता माझो माकाच भरवसो नाय. तू सांग जर्मना, तुका काय वाटता?"

तो माझ्याकडे बघत होता. गेटवर दुसरं कुणीही नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ दे ना रे आता."

त्याने मान हलवली, हळूहळू. माझीच चूक, म्हणाला. त्यानंतर तो विषय त्याने कधी काढला नाही, आणि गेल्या वर्षी तो वारला. स्मशानात त्याच्या माणसांत मी मान खाली घालून उभा होतो, आणि त्यांना वाटलं, दुःखाने.

एका वाक्याचं उत्तर होतं माझ्याकडे. सावंता, तू बटण बंद केलं होतंस.