बांबूवरची लाल खूण

“पयला बांबू, मंग गारी.”

पोकलेन लादलेला ट्रेलर हलवण्याआधी बाबा हे म्हणणार म्हणजे म्हणणारच. बाबा म्हणजे ट्रेलरच्या पुढे चालणारा आमचा माणूस. हातात बांबू, टोकाला लाल फडकं, आणि मशीनच्या उंचीइतकी बांबूवर आखलेली लाल खूण. तार लोंबत असली की बांबूने अलगद वर उचलायचे.

तुम्हीही पनवेलच्या रस्त्यांवर अशा माणसामागे अडकला असाल, मनातल्या मनात शिव्याही दिल्या असतील. बाबा म्हणायचे, “देऊ दे. तार अंगावं परली तं शिवी द्याला तरी कोन उरल?”

परवान्यांचे अर्ज मी भरायचो. एकदा नेऱ्याकडे मशीन न्यायचं होतं, वाट बाबांच्याच गावातून. त्यांच्या लेकीच्या हळदीच्या आदल्या दिवशी काम उरकणार होतं. मी अर्जात गाडीच्या नंबरातला एक आकडा चुकवला. कागद परत आले आणि नवी तारीख पडली नेमकी हळदीची. बाबांनी नवी तारीख वाचली आणि बांबूला नवं फडकं बांधलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी गावात शिरलो, तर मांडव रस्त्यावरच, इकडच्या रिवाजाप्रमाणे. बाबांच्या भावांनी तो खुणेपेक्षा उंच बांधला होता. पण सजावटवाल्याने मधोमध भलंमोठं झुंबर टांगलेलं. ट्रेलर मागे घ्यायला जागा नाही, मागे गाड्यांची रांग. ड्रायव्हर म्हणाला, “मांडव सोडवा थोडा.”

“लेकीचा मांडव हाय तो,” बाबा म्हणाले, आणि झुंबर सोडवायला स्वतः शिडीवर चढले.

त्यात वेळ गेला. गावाबाहेर पडलो न पडलो तोच परवान्याची वेळ संपली. आता सकाळपर्यंत चाक हलवायचं नाही, आणि लाल फडकेवाल्याने गाडी सोडायची नाही.

संध्याकाळी गावातून बँडचा आवाज येऊ लागला. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही जा. फडकं मी धरतो.”

“कागदावं नाव माजा हाय,” ते म्हणाले. “तूच लिवलंस ना?”

बँड थांबेपर्यंत ते गावाकडे पाठ करून उभे राहिले.

बाबा आता नाहीत. अर्जावरचा गाडीचा नंबर मी तीनदा मोठ्याने वाचतो. ऑफिसातले हसतात. त्यांना काय सांगू? माझ्या एका आकड्यापायी एका बापाची लेकीला हळद लावायची राहिली.