आम्ही घरीच टायर बदलतो!

चार मोटारसायकलवाले दर रविवारी चहाला जमायला लागले की गाडीचे किलोमीटर वाढोत न वाढोत, किस्से मात्र वाढतात. आमच्याकडे तर इतके साठलेत की नवा माणूस भेटला की आधी कुठला सांगायचा यावरूनच भांडण होतं!

आधी माणसं सांगतो. जोशी कॉम्प्युटरवाला. उशी घ्यायची असली तरी आधी व्हिडिओ बघणार. डॅनियल पेणकर जोशीच्या नि माझ्याच बिल्डिंगमधला, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, शांत माणूस. म्हात्रे चिरनेरच्या बाजूचा, पनवेलला बिल्डिंग मटेरियलचा धंदा. आणि मी, बँकेत.

झालं असं, की एका दुकानात माझा टायर बदलून घेतला आणि त्या माणसाने अलॉयच्या रिमवर असे ओरखडे पाडले, जणू आत मांजर अडकली होती. मी रडकुंडीला आलो. जोशी म्हणाला, "बास! आपण आपलं सामान घेऊ. घरीच बदलू!"

इथून सगळं सुरू झालं.

*

पहिली खरेदी टॉमीची. टॉमी म्हणजे टायरची कड रिमवरून उचकटायची लोखंडी पट्टी. आखूड घेतली तर जोर पुरत नाही, लांब घेतली तर बॅगेत मावत नाही. यावर ग्रुपवर एवढी चर्चा झाली की म्हात्रे वैतागून ग्रुप सोडून गेला. शेवटी जोशीने सगळ्यात लांब जोडी घेतली आणि सॅकमध्ये खोचून निघाला. दोन्ही टोकं डोक्याच्या वर!

एसटी स्टँडपाशी हवालदाराने अडवलं. "हे काय?"

"टॉमी आहे साहेब. टायर घरी बदलायला."

हवालदाराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "घरी मिसेस काही बोलत नाहीत?"

"बोलतात," जोशी म्हणाला.

"बरं. जावा."

*

टॉमी लावायच्या आधी टायरची कड रिमपासून सुटावी लागते. ती चिकटलेली असते, फेव्हिकॉल लावल्यासारखी. जोशीला त्यासाठी परदेशी मशीन हवं होतं. म्हात्रे म्हणाला, "मशीन कशाला? माझी जीप हाय ना!"

त्याचा हिशेब सरळ होता. चाक जीपखाली ठेवायचं, टायरवर जॅक उभा करायचा आणि फिरवायचा. जीप जड, ती हलणार नाही. टायरलाच दबावं लागेल.

म्हात्रे जॅक फिरवत राहिला. टायर जागचा हलला नाही. जीप मात्र थोडी थोडी वर जायला लागली.

"म्हात्रे, गाडी उचलली जातेय!"

"जाऊ दे, किती जाईल!"

तेवढ्यात जॅक सटकला. जीप धाडकन खाली आली आणि उतारावरून हळूच मागे जाऊन आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी सावंतकाका यांच्या कुंड्यांना टेकली. चार शेवंत्या आडव्या! काका बनियनवर धावत आले. "काय चाललंय काय?"

म्हात्रे हात पुसत म्हणाला, "काय नाय काका, टायर बदलतोय."

"कुंड्यांचा?"

*

नंतर मशीन आलं. चाचणी शनिवारी ठरली. डॅनियलने आधीच सांगितलं, "शनिवारी मी हत्याराला हात लावत नाही. आमचा सुट्टीचा दिवस."

तो खाली आला, पार्किंगमध्ये खुर्चीवर बसला. आम्ही तिघं घामाने न्हालो, म्हात्रेचं बोट चेमटलं, जोशीचा चष्मा फुटला. डॅनियल तसाच शांत.

म्हात्रे चिडून म्हणाला, "डॅनी, मला पण तुझ्या धर्मात घे!"

"शनिवारपुरता नाही घेत."

*

हवेच्या पंपाचंही तसंच. ट्यूबलेस टायर रिमवर बसायला हवा एकदम जोरात लागते. पण डॅनियलचं मत पडलं, "कॉम्प्रेसर कशाला? पायपंप आहे की. व्यायामही होईल."

आम्ही आळीपाळीने पंप मारत होतो. जोशीची बायको मंजिरी भाजीला निघाली होती, ती बघून गेली. भाजी घेऊन, पार्लरला जाऊन परत आली, तरी आम्ही पंपच मारतोय.

"अजून तेच? मग तोंडाने फुंकून बघा एकदा!"

"बगितलं वैनी," म्हात्रे धापा टाकत म्हणाला. "नाय व्हत!"

कॉम्प्रेसर एकमताने मंजूर झाला.

*

आता म्हात्रेच्या लग्नाचं. मांडवात घोड्यावर नाही, मोटारसायकलवरूनच जायचं, हा त्याचा हट्ट. आणि हळदीच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, पुढच्या टायरला ही मोठी चीर! नवा टायर घरात होता. आम्ही सामान घेऊन गावी पोचलो. अंगणात चाक काढलं, साबणाचं पाणी लावलं.

म्हात्रेची आत्या ओरडत होती, "हळद लागलेल्या नवऱ्यानं काम करू नाय!" पण म्हात्रे ऐकतोय कुठला! त्याने साबणाच्या हातांनी टायरची कड आत ढकलली, आम्ही कॉम्प्रेसर लावला, फट् फट् करून टायर मस्त बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या. चाक गाडीला लावलं.

मांडवाच्या दारात गाडी थांबली, तेव्हा नवरीच्या मामांची नजर म्हात्रेच्या हाताकडे गेली. "जावयबापू, साखरपुड्याची अंगठी कुटं हाय?"

म्हात्रेने बोट बघितलं. मोकळं! आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकदमच ते साबणाचं पाणी आलं.

"मामा," म्हात्रे म्हणाला, "ती टायरमधी हाय."

मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, विकली असेल. मामांचा चेहरा लाल झाला. "आमची चेष्टा करता?" वाजंत्री बंद पडली. म्हात्रेचा बाप हात जोडून उभा. जोशी मामांना ट्यूबलेस टायर समजावून सांगायला लागला, त्याने मामा अजूनच भडकले.

तेवढ्यात नवरी सोनल, शालू सावरत, मुंडावळ्या बाजूला करत मांडवातून बाहेर आली. म्हात्रेला म्हणाली, "गाडी जरा पुढं ढकला."

म्हात्रेने ढकलली.

खड... खड... खड...

सोनलने चाकाजवळ कान नेला, नीट ऐकलं आणि मागे वळली.

"मामा, आवाज येतंय ना? मंग हाय ती. भटजी, करा सुरू!"