काचेतलं दुपटं

माझ्या हातच्या गोधड्यांवर आजकाल कोणी झोपत नाही. तक्रार नाही, नुसतं सांगते. पूर्वी गोधडी दिली की आठवडाभरात ती दोरीवर वाळत पडलेली दिसायची. लेकरानं ओली केली म्हणजे वापरात आली, जिवाला बरं वाटायचं. आता दिली की आधी तिचा फोटो काढतात. मग ती सोफ्याच्या पाठीवर टाकतात, आणि आपण टेकायला गेलो की म्हणतात, "मावशी, जरा पुढं सरकून बसा ना, चुरगळेल." भाचीला पातेलं उतरवायला जाडजूड फडकी शिवून दिली, तर तिनं ती ओट्यावर खिळ्याला टांगून ठेवली. गरम पातेलं बाई ओढणीनं उतरवते, कारण फडक्याला डाग पडेल.

तर नातू झाला तेव्हा मी मनाशी म्हटलं, याचं दुपटं तरी याच्या अंगाला लागलं पाहिजे. त्याला कारण होतं. सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं आणि त्याच हिवाळ्यात आमचे मालक गेले. नातवाला मांडीवर घ्यायचं राहूनच गेलं त्यांचं. म्हटलं, आजोबाची मांडी नाही तर धोतर तरी मिळू दे पोराला. मला एवढंच हवं होतं, दुसरं काही नाही.

धोतर धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. खाली ते, वर माझं जुनं लुगडं. काठाला काहीतरी उठावदार पाहिजे म्हणून आमच्या अवसरीहून मंचरला गेले. तिथले शिंपी चाचा मला कापडाच्या चिंध्या ठेवतात, आणि मी त्यांच्या नातवंडांना कुंच्या शिवून देते. मी लालभडक तुकडा उचलला तर म्हणाले, "मावशी, त्यो नका घेऊ. कच्चा रंग हाय. धुतला की पळंल."

"पळून कुटं जाईल? दुपट्यातच ऱ्हाईल न्हवं?"

"तुमी ऐकनार न्हाई."

"न्हाई."

"मग अजून एक घ्या, काठाला पुरायचा न्हाई."

घरी येऊन फरशीवर दुपटं अंथरलं, चार कोपऱ्यांवर वजनाला डबे ठेवले आणि बसले शिवायला. शेजारीण मदतीला आली. मदत म्हणजे, ती बोलते आणि मी शिवते. म्हणाली, "अगं बाय, किती बारीक टाकं घालतीस! पोराला निजवायचंय का शिवून टाकायचंय?"

"तू सुईत दोरा ओव. बोलू नगं."

"दिसलं असतं तर ओवला असता की. मला आधी सुईच दिसंना झालीय."

आमच्याकडं गोधडी कडेकडेनं शिवत आत यायचं. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते, ते तिचं पोट. ते उपाशी शिवायचं नाही. त्यात भाकरीचा घास ठेवायचा आणि मगच शेवटचा टाका घालायचा, म्हणजे पांघरणाऱ्याला कधी अन्नाला कमी पडत नाही. एरवी मी कोरडाच घास ठेवते. पण हे नातवाचं, म्हणून भाकरीवर गुळाचा खडा दाबून बसवला. बारका कशाला, चांगला मोठा बसवला.

दुपटं घेऊन जुन्नरला लेकाच्या फ्लॅटवर गेले. सूनबाईनं ते गालाला लावून बघितलं, तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "आई, हे मी कुणाला हातसुद्धा लावू देणार नाही." मला ते कौतुक वाटलं. ती खरंच बोलत होती, हे पुढच्या खेपेला कळलं.

पुढच्या खेपेला दार उघडलं आणि समोर भिंतीवर माझं दुपटं. काचेत. चहूबाजूंनी चौकट, वर पिवळा दिवा. मालकांच्या फोटोला एवढा दिवा नाही, तो आत फ्रिजशेजारी आहे. धोतर मात्र दिवाणखान्यात. मला वाटलं, खाली उदबत्ती लावायची राहिली की काय.

"कसं वाटलं?" लेकानं विचारलं.

"लई भारी. पन पोरगं कशात निजतंय?"

पोरगं अस्वलात निजत होतं. म्हणजे ऑनलाइन मागवलेलं केसाळ पांघरूण, त्यावर पांढरं अस्वल. आमच्याकडं उसात बिबट्या फिरतो, त्याला कोणी पांघरुणावर छापत नाही, आणि ज्याला जन्मात बघायचं नाही ते अस्वल पोराच्या छातीवर! त्या केसाळ्यात पोराला घाम यायचा, म्हणून एसी लावायचा. एसीनं पोरगं गारठायचं, म्हणून पुन्हा अस्वल. मानेला घामोळं आणि नाकाला सर्दी, दोन्ही एकाच वेळी झालेलं लेकरू मी पहिल्यांदाच बघितलं.

"एकदा दुपट्यात निजवून तर बग," मी सूनबाईला म्हटलं.

"आई, जुन्या कापडाचं इन्फेक्शन होतं म्हणतात. आणि केवढं नाजूक काम आहे ते! हा एका दिवसात घाण करून टाकेल."

"मी तेवढ्यासाठीच शिवलंय की."

तिला वाटलं मी गंमत केली. हसली आणि चहा टाकायला गेली.

त्यात पावणेरावळे. तिच्या मैत्रिणी यायच्या आणि काचेसमोर उभ्या राहायच्या. एकीनं मला विचारलं, "काकू, याची प्रोसेस काय असते?"

"प्रोसेस? आधी लुगडं फाटावं लागतं."

"वॉव," ती म्हणाली. दुसरीनं विचारलं, असं अजून एक मिळेल का, पण निळ्या रंगात, तिच्या भिंतीला जाईल असं. मी म्हटलं, मालकांचं धोतर एकच होतं.

पंधरवडाभर राहायला म्हणून गेले होते. एक दिवस सकाळी सूनबाई किंचाळली, "आई, मुंग्या!" बाल्कनीतल्या कुंडीतून निघून, टीव्हीच्या मागून, भिंत चढून, सरळ चौकटीत. लाल, बारीक, शिस्तीत. एकही मुंगी वाट चुकलेली नाही. लेकानं खडूची रेघ ओढली, तर त्या वळसा घालून गेल्या. मला तेव्हाच उमगलं, पण मी नातवाला खेळवत बसले. आपण होऊन कशाला बोला?

दुसऱ्या दिवशी औषध मारणारा बोलावला. त्यानं चौकट उतरवली, मागची पाटी काढली आणि म्हणाला, "मॅडम, समद्या मधोमध जमल्यात. आत काय ठिवलंय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. नातूसुद्धा.

"आई," लेक म्हणाला, "आत काय आहे?"

"घास हाय."

"कसला घास?"

"भाकरीचा. गूळ लावून. दुपट्याचं पोट उपाशी ठेवत न्हाईत."

सूनबाई खाली बसली. "म्हणजे इतके दिवस मी भिंतीवर भाकरी टांगली होती?"

"माझ्या मनात भिंत नव्हती गं बाय. अंगावर असतं, आठ दिसाला धुतलं असतं, तर गूळ कवाच विरघळून गेला असता. तुमी त्याला काचंत जपलं."

औषधवाल्यानं पंपाचं तोंड दुपट्याकडं केलं. मी दुपटं त्याच्या हातातून ओढूनच घेतलं. "पोराच्या पांघरुणावर इख मारतोस व्हय रं?"

"पण आई, ते पांघरूण थोडंच आहे, ते तर..." सूनबाई म्हणाली आणि मध्येच थांबली. ते काय आहे, हे तिला सांगता येईना. ती त्या मुंग्या लागलेल्या धोतराकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिली. तिला काय दिसलं कोण जाणे.

मी पोट उसवलं, घास काढून कुंडीत टाकला. मुंग्यांचं तरी काय वाईट करायचं! सूनबाईनं दुपटं उचललं आणि मशिनीत टाकलं, गरम पाण्यात, तीन तऱ्हेची औषधं घालून. बाहेर आलं ते गुलाबी! चाचांचा लाल पळाला होता, आणि मी म्हटल्याप्रमाणे दुपट्यातच राहिला होता. पांढऱ्या धोतरावर कुठं फिकट, कुठं गडद, होळी खेळून आल्यासारखं. लेक हळहळला. "आता फ्रेममध्ये नाही शोभणार हे."

"न्हाई ना?" मी म्हटलं. तोंड जमेल तेवढं वाईट केलं होतं.

वाळल्यावर पोट शिवायला बसले. सूनबाई येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "आई, रिकामं शिवायचं नसतं ना? पण घरात भाकरी नाहीये." उठली, डबे धुंडाळले आणि खाली दुकान असलेल्या शेठजींच्या घरून आलेला खाकरा घेऊन आली. डाएटचा, बिनतेलाचा. "हा चालेल? गूळ नको पण."

चालेल म्हटलं. आता दुपटंही डाएटवर.

दुपारी लाईट गेली. जुन्नरात ती जाते, त्यात विशेष काही नाही. एसी बंद, अस्वल गरम, पोरगं रडून लाल. सूनबाईनं त्याचं केसाळं काढून फेकलं, इकडं तिकडं बघितलं, आणि माझ्या मांडीवरून दुपटं ओढून घेतलं. सुई अजून दोऱ्याला लोंबत होती. "अगं थांब, गाठ मारू दे!" म्हणेपर्यंत तिनं ते पोराखाली अंथरलंसुद्धा. मी तशीच वाकून दोरा तोडला आणि सुई काढून घेतली. पोरानं धोतराचा कोपरा मुठीत धरला, तोंडात घातला आणि झोपलं. उठलं तेव्हा दुपटं ओलं होतं.

"आई, धुवायला टाकते हं," सूनबाई म्हणाली, भाजीची पिशवी बाजूला ठेवावी इतक्या सहज.

मी उठले. मालकांच्या फोटोवरची धूळ पुसायला गेले, तो अजून फ्रिजशेजारीच आहे.

रिकामी चौकट भिंतीवर तशीच होती, लाईट आल्यावर दिवाही लागलेला. संध्याकाळी सूनबाईची एक मैत्रीण आली, मान वाकडी करून बराच वेळ आत बघत राहिली. म्हणाली, "हे आधीच्यापेक्षा छान वाटतंय. सिंपल." मागं बाल्कनीत दुपटं वाळत होतं, त्याच्याकडं तिनं ढुंकूनही बघितलं नाही.