पाण्यात ठेवलेला गणपती

देवाला दम द्यायची खोड मला जुनीच, घरात सगळ्यांना ठाऊक. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा अडला तेव्हा पितळी बाळकृष्ण पाण्यात ठेवला होता. व्हिसा आला, आणि देव आपल्याला घाबरतो असा माझा गोड समज झाला. माझी मुलगी मुक्ता इथे ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात डॉक्टर आहे. शांतिसेनेबरोबर ती दूरच्या एका धुमसत्या सीमेवर निघाली, तेव्हा तो बाळकृष्ण मी तिच्या बॅगेत घातला. पुढे तिच्या तळाजवळ तोफगोळे पडल्याची बातमी आली आणि तिचा फोन लागेना. पॉइंट कुक या उपनगरातल्या आमच्या घरात मी तिच्या खोलीचं दार उगाचच उघडायचो, लावायचो. वरती कुणी ऐकतंय का, अशीच शंका यायला लागली.

शेवटी देव्हाऱ्यात उरलेला, मुक्ताने शाळेत असताना स्वतः केलेला गणपती उचलून बादलीत ठेवला. बजावलं, "तिची खुशाली कळेपर्यंत बाहेर काढणार नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोची, सुलभाची, हाक आली. "अहो इंजिनिअर! शाडूचा होता ना तो?" बादलीत सोंड नाही, पोट नाही, नुसता गाळ. ती चिडली असती तर परवडलं असतं; ती बादलीपाशी बसून रडली. "लेकीच्या बोटांचे ठसे होते हो त्यावर," म्हणाली.

वरचं पाणी मी मागच्या लिंबाला घातलं. आता दम द्यायला समोर देवही नव्हता. आयुष्यात प्रथमच अट न घालता म्हणालो, "तुझीच आहे ती. सांभाळ."

थोड्या वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. सोलर पॅनलवाला समजून कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा पलीकडून ओरडणं, "अंकल, काटना मत! मैं नेपाल की टुकड़ी से. डॉक्टर साहिबा ठीक हैं!" तळावरचा टॉवर पडला होता, मुक्ता जखमींपाशी अडकली होती. सामान आणायला तळामागच्या गावी आलेला हा जवान तिचा निरोप देत होता. "बोली हैं, भगवान को पानी से निकालो, वो मिट्टी का है."

"निकाल लिया, बेटा," एवढंच मला म्हणता आलं. रडण्याच्या भरात त्याचं नाव विचारायचं राहिलं. रोजचा दिवा त्याच्याही नावाने लावतो, बिननावाच्या.

माझं ते मागणं आणि तो फोन यांचा संबंध सुलभा जोडते. मी हात जोडतो. मुक्ता अजून तिकडेच आहे. नवी मूर्ती आम्ही आणलेली नाही. तो गाळ डब्यात भरून देव्हाऱ्यात ठेवलाय, ती येऊन पुन्हा घडवेल म्हणून. वाळू नये यासाठी रोज त्यावर पाणी शिंपडतो. आता काही बजावत नाही.