विस्तवाचा पहिला घास

इथं परदेशात, न्यू लिन उपनगरात, आमच्या मागच्या युनिटमध्ये सैबेरियातल्या याकुत जमातीची एक बाई राहते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी धुक्यात ती पत्र्याच्या डब्यात विस्तव पेटवायची, लोणी लावलेलं पहिलं धिरडं त्याला घालायची आणि डोळे मिटून पुटपुटायची. झाडाला बांधलेल्या घोड्याच्या केसांमधून धूर वर जायचा. आपण कुठल्या देशात आहोत, ते मला क्षणभर कळायचं नाही.

एकदा कुंपणापाशी ती म्हणाली, "सरकारच्या भीतीनं आजी हे दार लावून करायची. आता आमच्याकडे लोक उघड्यावर करतात. मी मात्र यूट्यूबवरून शिकले."

आमच्या देवघरात स्मोक अलार्मच्या धाकानं विजेचा दिवा. मला तिचा हेवा वाटला. नाव गुप्त ठेवायला सांगून मी घरमालकाला ईमेल केला.

विस्तव बंद झाला. ती दारोदार माफी मागत माझ्याकडे आली.

"सॉरी, तुम्हाला धुराचा त्रास झाला का?"

"मला? छे. समोरच्या म्हाताऱ्याचं काम असेल."

तिनं त्याला इथल्या रीतीनं किया ओरा म्हणून नमस्कार करणंही सोडलं. मागच्या महिन्यात तो वारला, तेव्हा अंत्यविधीला आम्ही सगळे गेलो. ती आली नाही. तक्रार त्याची नव्हती, माझी होती.